आधी आवाज, मग चित्र

“आवाज येऊन राह्यला ना काका? मंग झालं तर. बोला,” रामटेके म्हणाले.

 समोर टेबलावर लोखंडी स्टँडला शाळेच्या पाटीएवढा टॅब लावला होता आणि त्यात माझी बायको भागरथा दिसत होती. खाटेवर उताणी, नाकातोंडावर ऑक्सिजनचा मास्क, हिरवी चादर छातीपर्यंत ओढलेली. डोळे अर्धे मिटलेले आणि तसेच राहिलेले. पापणी हलत नव्हती. आतला आवाज मात्र सगळा येत होता. मशीनची टुकटुक, कोणाचा तरी खोकला, कोणीतरी “बेडपॅन, बेडपॅन” म्हणत होतं.

“चित्र थांबलं आहे जी,” मी म्हणालो.

“चित्र थांबते मधामधात. आवाज तर साफ आहे. आवाजावर काम भागवा.”

“तिले आवाज कामाचा नाही.”

“म्हणजे?”

“जन्माची बहिरी आहे ती. बोलतही नाही.”

रामटेकेंनी माझ्याकडे पाहिलं. दवाखान्यातल्या कॉम्प्युटरचं आणि तारांचं सगळं तेच पाहत. जाडसर माणूस, मास्कवर वरून रुमाल बांधलेला, शर्टाची पाठ घामानं चिकटलेली. ते करोनाच्या दुसऱ्या लाटेचे दिवस होते. आमच्या जिल्ह्याच्या दवाखान्यात वॉर्डाच्या आत कोणालाच सोडत नव्हते, म्हणून बाहेर मंडप टाकून नातेवाइकांसाठी हा टॅब ठेवला होता. दुसरा टॅब आत सिस्टरजवळ असायचा. ती खाटेखाटेवर फिरवायची. नाव पुकारलं की बाहेरच्यानं खुर्चीवर बसायचं, आपल्या माणसाशी बोलायचं आणि उठायचं.

त्या सकाळी खिडकीवरच्या डॉक्टरनं मला बोलावून सांगितलं होतं, “तुमची पेशंट मास्क काढून टाकते. कितीदा लावला, कितीदा काढला. मास्क ठेवला तर काही आशा आहे. नाही ठेवला तर माझ्या हातात काही नाही. तुम्ही समजावा तिले.”

मी म्हटलं होतं, समजावतो. तिला समजावणं मला कधी जड गेलं नव्हतं. मात्र त्याला माझे हात तिला दिसायला हवे होते आणि तिचे मला.

आम्ही ढिवर. आमचं गाव तलावाच्या काठावर. पाण्यावर आमच्यात तोंडानं कोणी बोलत नाही. मासा बिचकतो आणि वाऱ्यात शब्द तसाही पोचत नाही. एका डोंग्यातून दुसऱ्या डोंग्याला सगळं हातानं सांगायचं. जाळं अडकलं, इकडून वळव, घरी चल, तुझा बाप काठावर उभा आहे, सगळं. त्यामुळे बहिरी सून आणली म्हणून आमच्या घरी कोणाला काही वाटलं नाही. उलट माझी आई म्हणायची, चला, भांडणाचा आवाज तरी येणार नाही. ते तिचं चुकलं. भागरथा भांडायला लागली की तिचे हात असे चालायचे की अंगणातल्या कोंबड्या पळायच्या. तिनं गावात सगळ्यांना नावं ठेवली होती, हाताचीच. सरपंचाचं नाव पोटावरून हात फिरवून, सासूचं नाव नाक चिमटीत धरून. माझं नाव कानामागं खाजवणं. मी खोटं बोलताना तसं करतो, असं तिचं म्हणणं होतं.

तलावातले हात आणि तिचे घरचे हात मिसळून एक बोली झाली होती. ती पुरी येणारे आम्ही दोघंच. पोरं झाली नाहीत.

“सिस्टर,” रामटेके टॅबकडे वाकून म्हणाले, “या आजीले ऐकू येत नाही. टॅब तिच्या तोंडासमोर धरा.”

“असं का?” आतून बाईचा आवाज आला. बोलणं गोंडी वळणाचं होतं. “मी तर कानाले लावून ठेवला होता. म्हटलं मालकाचा आवाज ऐकून डोळे उघडन.”

त्या उईके सिस्टर. त्यांचं नाव मला नंतर कळलं. पांढऱ्या पोशाखात सगळे सारखेच दिसत.

चित्र एकदा हललं. भागरथाचं तोंड मोठं झालं, डोळे पूर्ण उघडे. तिनं मला पाहिलं. मी हात वर केले आणि कानामागं खाजवलं, म्हणजे मी आहे. मग मास्कची खूण केली, तळहात तोंडावर ठेवला, ‘राहू दे, राहू दे.’

तिनं काही उत्तर दिलं नाही. डोळे माझ्यावर, बाकी काही हलत नाही.

“पुन्हा थांबलं,” मी म्हणालो.

माझ्या मागं कोहळेबाई उभ्या होत्या. त्यांचा बाप आत होता आणि पुढचा नंबर त्यांचा. त्या म्हणाल्या, “टॅबवर लिहून आलं आहे ना, ‘कनेक्शन कमजोर आहे’. वाचत नाही का बाप्पा?”

“अक्षर येत नाही मले.”

“मंग तिले काय समजन, आणि तुम्हाले काय समजन. सकाळपासून आम्ही उभे आहो. माझे बाबा ऐकू शकतेत. त्याइले निसता आवाज पुरते. मले बसू द्या, दोन मिनिटं बोलते आणि उठते.”

“बाई, यांचा नंबर आहे,” रामटेके म्हणाले.

“नंबर आहे, पर चित्र नाही. मंग नंबराचं काय लोणचं घालता का?”

मंडपात दोघं-तिघं हसले. मलाही त्या बाईचा राग आला नाही. तिच्या जागी मी असतो तर हेच म्हटलं असतं.

रामटेके माझ्या शेजारी स्टूल ओढून बसले. बोटांनी टेबलावर रेघ ओढून मला सांगू लागले. “काका, दवाखान्यात लाइन येते ती एकच. तिच्यातून सगळंच जाते. पहिली पाळी आतल्या मशीनची, श्वासाची आणि नाडीची माहिती बाहेर डॉक्टरच्या टेबलावर जाते ती. दुसरी पाळी नागपूरच्या मोठ्या डॉक्टरची. ते तिथून पाहतेत आणि आमच्या डॉक्टरले हात कसा धरायचा ते सांगतेत. तिसरी पाळी नातेवाइकाच्या आवाजाची. आणि सगळ्यात मागं नातेवाइकाचं चित्र. गर्दी झाली की मागच्याले थांबवायचं, असं मीच लावून ठेवलं आहे.”

“आवाज कायले पुढं?”

“आवाजाले जागा कमी लागते. आणि आवाज तुटला की लोक लय घाबरतेत. अर्धा शब्द ऐकू आला, तर माणसाले वाटते आत काही झालं. चित्र थांबलं तर कोणाचं काही बिघडत नाही. आजवर तरी कोणी तक्रार नाही केली.”

मला ते समजलं. आमच्या तलावाच्या तुडुमातून, म्हणजे पाळीतल्या मोरीतून, पाणी सुटतं तेही असंच, आधी कोणाच्या धानाच्या बांध्या आणि मग कोणाच्या. त्यांनी लावलेली पाळी चुकीची होती असं मला तेव्हाही वाटलं नाही, आजही वाटत नाही.

“मंग हिचा आवाज म्हणजे हात आहे जी,” मी म्हणालो. “हिचं चित्र आवाजाच्या पाळीत बसवा.”

रामटेकेंनी टेबलावर आणखी एक रेघ ओढली. मग म्हणाले, “तसं करता येते. पर चित्र मोठं असते काका, आवाजाच्या पाळीत मावत नाही, आणखी पुढं घ्यावं लागन. त्याले पुढं घेतलं की दुसऱ्या कोणाची तरी जागा जाते.”

“कोणाची?”

“ते मले आधी सांगता येत नाही.”

कोहळेबाई पुढं झाल्या. मला वाटलं, आता भांडतील. त्या रामटेकेंना म्हणाल्या, “करा ना मंग. नुसते बसून काय राह्यले? आमचा आवाज गेला तर जाऊ द्या थोडा वेळ. हा माणूस इथून उठल्याबिगर माझा नंबर लागत नाही, आणि बायकोशी बोलल्याबिगर हा उठत नाही.”

रामटेकेंनी मांडीवरचा कॉम्प्युटर उघडला. दोन्ही हातांच्या दोन-दोन बोटांनी भराभर काही ठोकलं. मधेच थांबून माझ्याकडे पाहिलं, पुन्हा ठोकलं. “पाहा आता.”

चित्र एकदम चालू झालं. तलावाच्या उथळ पाण्यात खाली गवत दिसतं तसं सगळं स्वच्छ दिसत होतं. सलाइनच्या नळीत थेंब पडताना दिसत होता. मास्कच्या आत वाफ यायची, जायची. भागरथानं डोळे मिचकावले. तिनं मला पाहिलं आणि तिच्या भुवया वर गेल्या.

मी हात वर केले. ‘मास्क राहू दे. काढू नको. मी बाहेरच आहे.’

तिनं मान हलवली. इकडून तिकडं, जोरात. हात नाही. चादरीखाली खांदे हलत होते, मासोळी टोपलीत हलते तसे. हात काही वर येईनात.

“थांबलं का?” रामटेकेंनी विचारलं.

“नाही. चालू आहे.”

“मंग?”

“ती बोलत नाही.”  मी टॅबच्या जवळ गेलो. “सिस्टर, तिची चादर काढा जी. मले तिचे हात दाखवा.”

सिस्टरनं चादर बाजूला केली. दोन्ही मनगटं पांढऱ्या पट्टीनं खाटेच्या लोखंडी कठड्याला बांधलेली होती. पट्टीखाली कापूस ठेवला होता, कातडी सोलू नये म्हणून. बांधणाऱ्यानं काळजी घेतली होती. बोटं मात्र मोकळी होती आणि ती दहाही बोटं चालत होती, चादरीखाली कोणाला न दिसता.

“मास्क काढून राह्यली होती ना बाबा,” सिस्टर म्हणाल्या. “दोनचार जणांचे हात बांधावे लागतेत. नाहीतर मरतेत.”

मी सांगितलं, “बाई, ती हातानं बोलते. तिचं तोंड बांधलं तुम्ही.”

 आतून पट्टी सोडताना होणारी खसखस आली. सिस्टरचे हातमोजे चित्रात घाईनं फिरत होते, गाठ सुटत नव्हती, आणि त्या पुटपुटत होत्या, “मले कोणी सांगितलं नाही बाबा, देवाशप्पथ, कोणीच नाही सांगितलं.” मी तर भरतीच्या वेळी सांगितलं होतं, स्ट्रेचर ढकलणाऱ्या माणसाला. तो माणूस दुसऱ्या वॉर्डात गेला असेल, नाहीतर त्याला घाई असेल.

उजवा हात सुटला. भागरथानं पहिलं काय केलं असेल, तर मास्क धरून हनुवटीखाली ओढला.

“पाहा, पाहा, काढला,” सिस्टर म्हणाल्या.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. पाण्यावर उन्हाची झळ फार लागते, म्हणून आम्ही तोंडाला दुपट्टा गुंडाळून बसतो. कोणाला काही सांगायचं असलं की आधी दुपट्टा खाली ओढायचा. तोंड उघडलं म्हणजे ‘तुझ्याशी बोलतो आहे, इकडं पाहा.’ मग हात. दुपट्ट्यातून कोणी हात हलवले तर आमच्यात ते बोलणं धरत नाहीत, माशा हाकलणं धरतात. भागरथा तोंड उघडून बोलायला पाहत होती. खाटेजवळ कोणी आलं की ती बोलायला निघायची, म्हणून मास्क काढायची, आणि ते पुन्हा लावायचे. किती वेळा असं झालं असेल कोण जाणे. सगळे तोंडं झाकूनच येणारे. तिच्या हिशेबानं त्या वॉर्डात तिच्याशी कोणी एक शब्दही बोललं नव्हतं.

दुसरा हात सुटला. तिनं दोन्ही मनगटं एकमेकांना जोडली आणि माझ्यापुढं धरली, ‘बांधलं.’ मग मूठ छातीवर ठेवली आणि भुवया वर केल्या. हे तलावातलं आहे. ज्याच्या हातून जाळं सुटतं तो असं करतो. ‘माझं चुकलं का?’

मनगटं, मूठ, भुवया. पुन्हा मनगटं, मूठ, भुवया.

मी ‘नाही’ म्हणायला हात उचलला. आमचं ‘नाही’ म्हणजे तळहात आडवा करून पाण्यावरून फिरवल्यासारखा फिरवायचा. तेवढ्यात रामटेकेंच्या खिशातला फोन वाजला. त्यांनी कानाला लावला आणि ते उभेच राहिले.

“हो सर. हो. मीच केलं सर. लगेच.”

फोन तसाच कानाला ठेवून त्यांनी एका हातानं ठोकायला सुरुवात केली. माझ्याकडे न पाहता म्हणाले, “काका, नागपूरचे डॉक्टर अडकले. आत एकाच्या घशात नळी घालून राह्यले, अर्ध्यात त्याइचं चित्र गेलं. मले परत करावंच लागन.”

मी म्हणालो, “करा.” आणखी काय म्हणणार होतो? तिथं कोणाचा तरी बाप होता, नाहीतर पोरगा.

चित्र थांबलं. भागरथाची मूठ छातीवर, भुवया वर, मास्क हनुवटीखाली.

“बाबा, तुमचंही चित्र इकडं थांबलं,” सिस्टरचा आवाज आला. अगदी माझ्या शेजारी बसून बोलावं इतका साफ. “हात आडवा धरून बसले तुम्ही. आजी पाहून राह्यली. ऑक्सिजन खाली चालला तिचा. मले सांगा काय सांगायचं ते. मी माझ्या हातानं करते.”

मला एवढंच सुचलं की ऑक्सिजन खाली चालला आहे. डॉक्टर म्हणाला होता, मास्क ठेवला तर आशा आहे. मी म्हणालो, “आधी मास्क वर करा. मंग तिच्या डोळ्यासमोर तुमचा तळहात तुमच्या तोंडावर ठेवा. तोंडावरच ठेवून दुसऱ्या हातानं बोलल्यासारखी बोटं हलवा. म्हणजे तोंड झाकूनही बोलता येते, समजते.”

“केलं.”

“काय म्हणते ती?”

“पाहून राह्यली.”

“पुन्हा करा.”

“केलं बाबा. तिनं तिचा हात मास्कवर ठेवला. काढत नाही आहे. तसाच ठेवला आहे.”

“समजलं तिले,” मी म्हणालो. मंडपात कोणीतरी मोठा श्वास सोडला, बहुतेक कोहळेबाईंनी. “आता दुसरं सांगतो. हात आडवा करा आणि...”

“आली, आली,” सिस्टर कोणाला तरी म्हणाल्या. मग मला, घाईनं, “बाबा, बावीस नंबरचा पेशंट पडला खाटेवरून. येते मी,” आणि आवाज दूर गेला. टॅब कुठंतरी पालथा ठेवला असावा. मी बोलत राहिलो. “आडवा करा आणि फिरवा, पाण्यावरून फिरवल्यासारखा,” असं दोनदा-तीनदा म्हणालो. टॅबमध्ये भागरथाची मूठ छातीवर होती ती तशीच.

थोड्या वेळानं रामटेकेंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. “उद्या पहिला नंबर तुमचा लावतो. आणि सकाळी गर्दी नसते, चित्र चालन.”

मी उठलो. कोहळेबाई बसल्या. बसताना मला म्हणाल्या, “मास्कचं झालं ना? मुख्य तेच होतं.”

मी म्हटलं, हो.

सकाळी पहिला नंबर माझा होता, पण तिला पहाटेच दुसरीकडे, श्वासाच्या मोठ्या मशीनवर नेलं होतं. तिथं टॅब नेत नव्हते. त्यानंतर मला ती दिसली ती बांधलेल्या प्लास्टिकमधून, लांबून.

दिवाळीच्या आधी मी तालुक्याच्या बाजारात मासोळी घेऊन बसलो होतो. एक बाई समोर उकिडवी बसली, बोटभर झिंगे उलटेपालटे करून पाहू लागली, आणि भाव विचारला. तिचं तोंड मी कधी पाहिलं नव्हतं. आवाज ऐकला आणि माझ्या हातातली तागडी तशीच राहिली.

“उईके सिस्टर?”

तिनं मान वर केली. मला ओळखायला तिला थोडा वेळ लागला. मग तिथंच बसून राहिली, बाजाराच्या धुळीत, नवरा गाडीवर हॉर्न वाजवत होता तरी.

“बाबा, तिनं पुन्हा मास्क काढला नाही,” ती म्हणाली. “तुम्ही सांगितलं ते तिनं ऐकलं. मी हातही पुन्हा बांधू नाही दिले. त्या रात्री माझीच ड्युटी होती.”

मी मान हलवली.

“एक विचारायचं होतं तुम्हाले. केव्हापासून मनात आहे.” तिनं झिंग्यांचे ओले हात लुगड्याला पुसले. मग दोन्ही मनगटं एकमेकांना जोडून माझ्यापुढं धरली, मूठ छातीवर ठेवली आणि भुवया वर केल्या. बरोबर केलं, अगदी तिच्यासारखं. “मी खाटेजवळ गेली का आजी असं करे. प्रत्येक खेपेले. मास्क तोंडावर, आणि हात असे. मले काही समजत नव्हतं. काय म्हणे ती?”

गिऱ्हाइकं थांबली होती. मी कानामागं खाजवलं.

“तुमचं जेवण झालं का, असं विचारे,” मी म्हणालो.

तिचे डोळे भरून आले आणि ती हसली. हसताना तिचा चेहरा फार चांगला दिसत होता.

“मंग बरं झालं,” ती म्हणाली. “मले वाटे आपण काही चुकीचं तर नाही सांगून राह्यलो. पर म्हटलं, म्हातारं माणूस आहे, मन राखावं. दरवेळी मी अशी जोरात मान हलवून हो म्हणे. हो आजी, हो. तेवढ्यानं शांत होऊन जाये बिचारी, आणि तिकडं तोंड करून निजे.”

मी तिला झिंगे बांधून दिले.